फिनिश भाषा शिकतांना

डोंबिवली आणि दिवा यांच्या दरम्यान कोपर नांवाचें एक रेल्वे-स्टेशन आहे. या स्टेशनाला दोन मजले आहेत. खालून कल्याण-मुंबईच्या लोकल गाड्या धांवतात, आणि त्यांच्या डोक्यावरून वसईकडे जाणारा दुसरा लोहमार्ग जातो. नांव एकच, पण वरची गाडी खालीं उतरत नाहीं आणि खालची वर चढत नाहीं. जिने चढण्याउतरण्याचे कष्ट उतारूंनाच घ्यावे लागतात. नवखा मनुष्य येथें एकदां तरी चुकतो, भलत्याच फलाटावर उभा राहतो, आणि आपली गाडी आपल्या डोक्यावरून निघून गेलेली पाहतो.

भाषेचेंही येथें तसेंच आहे. ध्वनिक्षेपकावरून जिच्या आगमनाची सूचना "गाडी" म्हणून दिली जाते, तिलाच फलाटावर टोपली घेऊन उभी असलेली गांवची आजीबाई "गारी" म्हणते. तिचें पाणी "पानी" असतें, घोडा "घोरा" असतो, आणि "मला-तुला" यांच्या जागीं "मना-तुना" असतें. खाडीकांठच्या या गांवांची मूळची बोली आगरी. या घरांतलें मूल शाळेंत जातें तें एका परीनें जिना चढूनच जातें. घरीं एक भाषा, फळ्यावर दुसरी, आणि दोहोंचें नांव मात्र मराठी.

असल्या घरांतली एखादी विद्यार्थिनी उच्च शिक्षणासाठीं फिनलंडांत गेली, अशी कल्पना करावी. हेल्सिंकीच्या विद्यापीठांत तिचा मुख्य अभ्यास इंग्रजींतून चालूं शकतो. तरीही परदेशी विद्यार्थ्यांसाठीं तेथें फिनिश भाषेचे वर्ग असतात, आणि शहाणे विद्यार्थी पहिल्या सत्रांतच त्यांत नांव घालतात. कारण उघड आहे. पदवी इंग्रजींत मिळाली तरी शेजार इंग्रजींत मिळत नाहीं. पुढें त्या देशाचें नागरिकत्व हवें असेल तर फिनिश किंवा स्वीडिश यांपैकीं एका भाषेंत बोलतां-लिहितां येतें, हें सामान्यतः परीक्षा देऊन सिद्ध करावें लागतें. फिनलंड हा सुमारें ५६ लाख वस्तीचा देश. आपल्या अविभाजित ठाणें जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतींत याच्या जवळजवळ दुप्पट भरली होती. एवढ्या थोड्या लोकांची भाषा शिकण्यासाठीं कोणी वर्षें कां घालवावीं, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येईल. तो प्रश्न तेथें राहणाऱ्याच्या मनांत मात्र फार दिवस टिकत नाहीं.

पहिले कांहीं आठवडे मराठी विद्यार्थ्याला सुखाचे जातात, हें ऐकून नवल वाटेल. फिनिश भाषेची ख्याति मोठी भयंकर. तिच्या व्याकरणांत पंधरा विभक्ती मोजतात, आणि तो आंकडा ऐकूनच इंग्रज विद्यार्थ्याचें अवसान गळतें. परंतु या विभक्ती म्हणजे काय? "तालो" म्हणजे घर. "तालोस्सा" म्हणजे घरांत. "तालोस्ता" म्हणजे घरांतून. "कातु" म्हणजे रस्ता. "कादुल्ला" म्हणजे रस्त्यावर. "कादुल्ता" म्हणजे रस्त्यावरून. प्रत्यय लागतांच "कातु"मधील त मऊ होऊन द झाला, हें पाहून इतर देशांचे विद्यार्थी कपाळाला हात लावतात. मराठी विद्यार्थिनीला त्यांत विशेष कांहीं वाटण्याचें कारण नाहीं. रस्ता या शब्दाला "वर" जोडतांना आपण तरी "रस्तावर" कोठें म्हणतों? ज्याला सामान्यरूप म्हणतात, तें आपण आईच्या मांडीवरच शिकलेले असतों.

मालकी दाखविण्याची रीतही ओळखीची निघते. "जवळ असणें" या अर्थाचें इंग्रजीसारखें स्वतंत्र क्रियापद फिनिशमध्यें नाहीं. "मिनुल्ला ओन आउतो" याचा शब्दशः अर्थ "माझ्याकडे मोटार आहे" असाच होतो. नकाराचा शब्दही पुरुष-वचनाप्रमाणें बदलतो. "मी नव्हतों, तूं नव्हतास, ते नव्हते" अशी सवय ज्यांच्या जिभेला आहे, त्यांना हें अपरिचित नाहीं. आर्जवासाठीं इंग्रजींत पावलोपावलीं जो एक शब्द लागतो, त्याचा नेमका जोडीदार फिनिशमध्यें नाहीं. आपल्याकडे तरी "कृपया" हा शब्द पाट्यांवरच राहतो. घरांत कोणी "कृपया पाणी दे" असें म्हटलें, तर ताप आला आहे कीं काय, असें पाहण्यासाठीं आई कपाळावर हात ठेवील.

हें साम्य रक्ताचें नव्हे, केवळ घडणीचें आहे, हें येथेंच सांगितलेलें बरें. मराठी, इंग्रजी, रशियन, फारशी या दूरदूरच्या कां होईना पण एकाच कुळांतल्या. फिनिश त्या कुळांतली नाहीं. एस्टोनियन ही तिची सख्खी बहीण, उत्तरेकडील सामी लोकांच्या भाषा चुलत बहिणी, आणि हंगेरियन ही फार दूरची, लग्नकार्यांतही न भेटणारी नातेवाईक.

पहिला खरा क्लेश होतो तो ऱ्हस्वदीर्घाचा. मराठी लिहितांना ऱ्हस्वदीर्घासाठीं आपण शाळेंत छड्या खाल्ल्या असल्या, तरी बोलतांना तो भेद आपण फारसा पाळत नाहीं, आणि न पाळल्यानें अर्थ क्वचितच बिघडतो. फिनिशमध्यें तो हमखास बिघडतो. "तुलि" म्हणजे विस्तव, "तूलि" म्हणजे वारा, आणि "तुल्लि" म्हणजे जकात. "तापाऽन सिनुत" म्हणजे "तुला भेटतों". मधला स्वर आंखूड झाला तर "तापान सिनुत" म्हणजे "तुला ठार मारतों". उद्यां भेटण्याचें वचन देतांना किती जणांनीं फिन मित्रांना असा धाक घातला असेल, याची गणती नाहीं. फिन लोक मात्र हें ऐकून शांत राहतात. तेवढी संवय त्यांना झालेली असते.

असो. वर्गांतला अभ्यास झाला, शंभर-दोनशें वाक्यें पाठ झालीं, आणि विद्यार्थिनी ट्रॅममध्यें जाऊन बसली, म्हणजे खरी कथा सुरू होते. समोर दोन मुली बोलत आहेत. कान देऊन ऐकलें तरी एक ओळखीचा शब्द लागत नाहीं. वर्गांत "मी आहें" यासाठीं "मिनॅ ओलेन" असें शिकविलेलें; या मुली "मॅ ओऽन" म्हणतात. "आम्ही जातों" याला पुस्तकांत "मे मेनेम्मे". येथें "मे मेन्नॅऽन". "मला माहीत नाहीं" हें पुस्तकांतलें "एन मिनॅ तिएदॅ" ट्रॅममध्यें "एम्मॅ तीअॅ" एवढेंच उरतें. "पंचवीस" हा अंक पुस्तकांत "काक्सिक्युम्मेन्तॅवीसि" असा आगगाडीसारखा लांबलचक. दुकानांत तोच "काक्स्क्युत्वीस" होऊन निघून जातो, आणि हातांतलीं नाणीं हातांतच राहतात. होकार देतांना तर कांहीं जण श्वास आंत ओढतां ओढतांच "योऽ" म्हणतात. परक्याला वाटतें, यांना कसला धक्का बसला! (आपण जिभेचा "च्" करून नकार किंवा हळहळ दाखवितों, तेव्हां परक्यांना काय वाटत असेल?)

सर्वांत मोठा विस्मय सर्वनामाचा. फिनिशमध्यें तो आणि ती असा भेदच नाहीं. दोघांनाही "हॅन" हा एकच शब्द. हें शिकून विद्यार्थिनी सुखावलेली असते, तों ऐकूं येतें कीं बोलतांना माणसाला कोणी "हॅन" म्हणतच नाहीं. सर्रास "से" म्हणतात, आणि "से" म्हणजे "तें". प्राध्यापकही "तें", आजीही "तें". त्यांत अपमान मुळींच नाहीं. उलट घरांतल्या लाडक्या कुत्र्याला मात्र कौतुकानें "हॅन" म्हटलेलें ऐकूं येतें. प्राध्यापकाला पहिल्या नांवानें हांक मारण्याची तेथील रीत आपल्या मुलीच्या घशांतून प्रथम उतरतच नाहीं. "अहो सर" म्हणण्यांत जिचीं पंधरा वर्षें गेलीं, तिनें एकाएकीं "अरे" कसें म्हणावें?

फिन लोकांनीं या दोन भाषांना दोन नांवें दिलीं आहेत. एक "किर्याकिएलि", म्हणजे ग्रंथभाषा. दुसरी "पुहेकिएलि", म्हणजे बोलभाषा. "किएलि" याचा मूळ अर्थ जीभ. पुस्तकाची जीभ वेगळी आणि तोंडांतली वेगळी असें कां झालें, हें समजण्यासाठीं त्या देशाचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

१८०९ पर्यंत फिनलंड स्वीडनच्या राज्यांत होतें, आणि त्यानंतर १९१७ पर्यंत रशियाच्या झारच्या छत्राखालीं. मिकाएल आग्रिकोला या धर्मगुरूनें १५४३ च्या सुमारास फिनिश भाषेचें पहिलें अक्षरपुस्तक छापलें आणि १५४८ मध्यें बायबलाचा नवा करार त्या भाषेंत आणला. त्यानंतरचीं सुमारें तीनशें वर्षें फिनिश ही मुख्यतः प्रार्थनेची आणि शेताची भाषा होती; कचेरीची आणि सुशिक्षितांची भाषा स्वीडिश. पुढें एलियास ल्यॉनरोट या डॉक्टरानें खेडोपाडीं हिंडून लोकगीतें जमविलीं आणि १८३५ मध्यें "कालेवाला" हें महाकाव्य सिद्ध केलें. १८६३ च्या राजाज्ञेनें वीस वर्षांच्या मुदतींत फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीचा दर्जा देण्याचें ठरलें. मग ग्रंथभाषा कोणत्या बोलीवर उभारावी, यावरून आधींच मोठा वाद माजलेला होता. आग्रिकोलापासून चालत आलेली पश्चिमेकडील बोली, कीं कालेवालाच्या गाण्यांची पूर्वेकडील? तडजोड झाली. पाया पश्चिमेचा राहिला, आणि पूर्वेकडून शब्दांची व रूपांची भरघोस भर पडली. परिणाम असा कीं, जी ग्रंथभाषा तयार झाली ती कोणाच्याही आईची भाषा नव्हती. आजही हेल्सिंकीचा मनुष्य "मॅ" म्हणतो, नैर्ऋत्येकडचा "मॅऽ" म्हणतो, पूर्वेकडचा "मिए" म्हणतो, आणि "मिनॅ" लिहितात सगळेच.

येथें मराठीची गोष्ट वेगळी पडते. आपली ग्रंथभाषा मुख्यतः पुण्याकडील शिष्टांच्या बोलण्यावर बेतली गेली. तिला पहिल्यापासून मालक होते. ज्यांची घरची बोली पुस्तकाच्या जवळ, ते शुद्ध ठरले; ज्यांची दूर, ते अशुद्ध. फिनिश ग्रंथभाषा सर्वांपासूनच थोडीथोडी दूर असल्यामुळें, व्याख्यान संपवून खालीं उतरलेला प्राध्यापक उपाहारगृहांत "मॅ ओऽन" म्हणतो आणि कोणी त्याच्याकडे वळून पाहत नाहीं. तेथें बोलींची थट्टा कधीं झालीच नाहीं, असें नव्हे. परंतु बोलभाषा म्हणजे अज्ञान, असा शिक्का तेथें बसलेला नाहीं.

म्हणूनच विद्यापीठांतल्या शिक्षकांपुढें एक खरा पेंच असतो. परक्याला आधीं काय शिकवावें? ग्रंथभाषेच्या बाजूचे लोक म्हणतात, पाट्या, पत्रें, अर्ज आणि परीक्षा सगळें ग्रंथभाषेंत आहे. शिवाय "मिनॅ ओलेन" येणाऱ्याला "मॅ ओऽन" ओळखतां येईल, पण उलट वाट अवघड आहे. बोलभाषा गांवागणिक बदलते. त्यांतली कोणती शिकवावी? हें म्हणणें खोटें नाहीं. परंतु त्याचा परिणाम असा होतो कीं, दोन-दोन सत्रें शिकलेला विद्यार्थी वर्तमानपत्राचा मथळा वाचूं शकतो आणि शेजाऱ्याचा साधा प्रश्न त्याला कळत नाहीं. तो विद्यार्थी बोलतो तेव्हां फिन मनुष्याला वाटतें, हा माणूस बातम्या वाचून दाखवीत आहे. मारित बेर्ग आणि लेएना सिल्व्हरबेर्ग या लेखिकांनीं "कातो हेइ" नांवाचें बोलभाषेचेंच प्राथमिक पुस्तक काढलें, तें याच उणिवेपोटीं. त्याचें नांवही ट्रॅममधलेंच आहे. "हें बघ" असा कांहींसा त्याचा अर्थ. खरा मार्ग बहुधा असा असावा कीं, हातानें ग्रंथभाषा लिहावी आणि कानानें पहिल्या दिवसापासून बोलभाषा ऐकावी. एक आल्यावर दुसरी, असा क्रम लावला कीं दुसरीचा दिवस उजाडतच नाहीं.

ऐकण्याच्या कामीं तेथील नभोवाणीचा मोठा उपयोग होतो. फिनलंडच्या सार्वजनिक नभोवाणीवर सोप्या फिनिशमधून, सावकाश वाचलेल्या बातम्या नियमित दिल्या जातात. हजारों नवागतांचे कान त्यांवर तयार झाले आहेत. भाषांच्या बाबतींत ही संस्था मोठी हौशी. १९८९ पासून २०१९ पर्यंत तिनें दर आठवड्याला चक्क लॅटिन भाषेंत बातम्या दिल्या! ज्या देशाला मृत भाषेंत जगाची खबर द्यावीशी वाटते, त्या देशांत आपली जिवंत भाषा परक्याला शिकवितांना आळस होईल, असें कोणाला वाटणार नाहीं.

आळस होत नाहीं, पण सौजन्य आड येतें. विद्यार्थिनी धीर करून दुकानांत फिनिश वाक्य बोलते. तें थोडें अडखळतें. दुकानदार हंसून, अत्यंत सभ्यपणें, निर्दोष इंग्रजींत उत्तर देतो. त्यानें तिचा वेळ वांचविला, तिची लाज राखली, आणि तिच्या हातांतली शिडी काढून घेतली. असें दिवसांतून पांच वेळां झालें म्हणजे तिला वाटूं लागतें कीं, ही भाषा आपल्यासाठीं नाहींच. ही त्यांची घरची वस्तु आहे, आणि पाहुण्यासाठीं निराळीं भांडीं काढलेलीं आहेत. फिनलंडांत राहिलेल्या परदेशी मंडळींची सर्वांत सार्वत्रिक तक्रार जर कोणती असेल, तर ती विभक्तींची नव्हे, ही आहे.

आणि ही तक्रार ऐकतांना मराठी माणसानें जरा सांवरून बसावें. ठाणें-कल्याणच्या बाजारांत परप्रांतांतून आलेला कोणी मोडक्या मराठींत भाव विचारतो, तेव्हां त्याला उत्तर कोणत्या भाषेंत मिळतें? बहुधा हिंदींत. पहिल्याच चुकलेल्या लिंगाला आपण दयाळूपणें हिंदीकडे वळतों, आणि मग दहा वर्षांनीं म्हणतों कीं, हे लोक मराठी शिकतच नाहींत. शिकवणार कोण? परक्यासाठीं भाषेचा दरवाजा घरच्या माणसाच्या संयमानें उघडा राहतो. पुस्तकानें तो फक्त दिसतो.

रोजची भाषा शिकविण्याचा विचार आपल्या देशाला नवा नाहीं. विल्यम केरी हा मिशनरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत तरुण इंग्रज अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवीत असे. १८०१ मध्यें त्यानें "कथोपकथन" हें बंगाली संवादांचें पुस्तक छापलें. त्यांत मजुरांचें बोलणें आहे, बायकांचीं भांडणें आहेत. शिष्टांनीं नाक मुरडावें असें बरेंच आहे. १८०५ मध्यें त्याचें मराठी व्याकरण श्रीरामपुरास छापलें गेलें, आणि त्यालाही नित्याच्या विषयांवरील संवादांची पुरवणी जोडलेली होती. राज्य चालविण्याच्या स्वार्थासाठीं कां होईना, पण व्याकरणाच्या पाठीशीं बाजार ठेवला पाहिजे, हें त्या माणसाला कळलें होतें. आज पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्यें जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकणाऱ्या आपल्या मुलांना त्या त्या देशांतल्या चहाच्या टपरीवरची भाषा हवी असते. मराठी शिकूं इच्छिणाऱ्या परक्याला आपण काय देतों? "आपले शुभनाम काय?" कोपरच्या फलाटावर हें वाक्य कोणी बोललें, तर आजीबाई टोपली खालीं ठेवून त्याच्याकडे पाहत राहील.

कोपरच्या विद्यार्थिनीला मात्र एक गोष्ट इतरांआधीं उमजते. वर्गांतला अमेरिकन विद्यार्थी रागावून विचारतो, "मग आम्हांला खोटी भाषा कां शिकविली?" तिला तो प्रश्न पडत नाहीं. एकाच भाषेचे दोन मजले असतात, दोन्ही खरे असतात, आणि दिवसांतून दहादां जिना चढावा-उतरावा लागतो, हें ती सहा वर्षांची असल्यापासून करीत आली आहे. फरक एवढाच कीं, तिच्या शाळेंत "मना" म्हटल्यावर मुलें हंसत असत. येथें शिक्षक फळ्यावर "मिनॅ" लिहून त्याखालीं "मॅ" लिहितात आणि सांगतात, हेंही वहींत उतरून घ्या. वहींत उतरवितांना तिचा हात क्षणभर थांबतो. घरची बोली कोणी वहींत लिहावयास सांगितल्याचें तिला आठवत नाहीं.

तेथील बहुतेक मोठ्या इमारतींत तळाशीं सामाईक धुलाईघर असतें, आणि कोणी कोणत्या तासाला यावें याची यादी दारावर लावलेली असते. एके दिवशीं तिच्या तासाच्या वेळीं एक म्हातारी बाई आपले कपडे यंत्रांतून काढीत असते. ती कांहीं तरी विचारते. मुलीला कळत नाहीं, ती "मितॅ?" म्हणजे "काय?" एवढेंच म्हणते. म्हातारीला इंग्रजी येत नाहीं, किंवा येत असलें तरी तिला तें आठवत नाहीं. ती तोच प्रश्न पुन्हां विचारते. त्याचें पुस्तकी रूप करीत नाहीं, मोठ्यानें ओरडत नाहीं, फक्त सावकाश बोलते. या वेळीं "सॅ" कळतें, "मिस्तॅ" कळतें: तूं कोठली? मुलगी उत्तर देते. विभक्ति चुकते, एक दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. म्हातारी श्वास आंत ओढून "योऽ" म्हणते, ओल्या चादरीचें एक टोंक तिच्या हातांत देते, आणि घडी घालतां घालतां दुसरा प्रश्न विचारते, फिनिशमध्येंच.